जेफरसन यांचे कर्ज : अमेरिकी स्वभावाची एक पार्श्वभूमी

पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७८९ मध्ये पॅरिसला आपल्या देशाचे राजदूत होते. त्या वर्षी ६ सप्टेंबरला त्यांनी आपले राजकीय सहकारी जेम्स मॅडिसन यांना लिहिलेल्या पत्रात असा सिद्धान्त मांडला, की पृथ्वीच्या उपभोगाचा हक्क जिवंत माणसांचा आहे, मृतांची तिच्यावर सत्ता नाही, आणि म्हणून एका पिढीने आपले कर्ज पुढच्या पिढीच्या माथी मारू नये. मृत्यूच्या नोंदींवरून गणित करून त्यांनी पिढीची मुदत १९ वर्षे ठरवली होती आणि कोणताही कायदा, राज्यघटना किंवा सार्वजनिक कर्ज त्याहून अधिक काळ बंधनकारक असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हे लिहिणारा माणूस स्वतः मात्र जन्मभर कर्जात राहिला, आणि त्याच्या मृत्यूनंतर ते कर्ज फेडण्यासाठी ज्या गुलामांना विकले गेले, त्यांनी त्यातला एक डॉलरही कधी पाहिला नव्हता. जेफरसन यांचा वारसा आणि त्यातून घडलेला अमेरिकी स्वभाव समजून घ्यायचा, तर माझ्या मते त्यांच्या तत्त्वांइतकीच त्यांची हिशेबवही वाचली पाहिजे.

या कर्जाचा मोठा भाग वारशातच आला होता. सासरे जॉन वेल्स १७७३ मध्ये वारले, तेव्हा जेफरसन दाम्पत्याच्या वाट्याला विस्तीर्ण जमीन, गुलामगिरीत असलेली १३५ माणसे आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांची भली मोठी देणी एकदमच आली. त्या माणसांत हेमिंग्ज कुटुंब होते. त्यातली सॅली ही जेफरसन यांच्या पत्नीची सावत्र बहीण होती, कारण दोघींचे वडील एकच होते. पुढे जेफरसन यांच्यापासून तिला मुले झाली, ही गोष्ट दीडशेहून अधिक वर्षे नाकारली गेली. १९९८ च्या डीएनए तपासणीनंतर त्यांचे माँटिसेलोचे घर सांभाळणाऱ्या संस्थेनेही २००० मध्ये ती मान्य केली.

सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे वाक्य या कर्जदार जमीनदाराने १७७६ च्या उन्हाळ्यात लिहिले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या त्यांच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोषी धरणारा एक जळजळीत परिच्छेद होता. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया यांच्या आग्रहामुळे काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो गाळला, असे जेफरसन यांनी स्वतः नोंदवले आहे. तो राहिला असता तरी त्यात सारा दोष राजाचाच होता, माणसे विकत घेणाऱ्या मळेवाल्यांचा नव्हता. राष्ट्राच्या पहिल्याच दस्तऐवजात तत्त्व उच्च स्वरात सांगितले गेले आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न तसाच ठेवला गेला.

जेफरसन यांना गुलामगिरी दुष्ट वाटत नव्हती, असे मुळीच नाही. तिच्याविरुद्ध त्यांनी लिहिलेली वाक्ये आजही अंगावर येतात, आणि अध्यक्ष असताना त्यांनी सही केलेल्या कायद्याने १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली. पण आयुष्यभरात त्यांच्या मालकीची सहाशेहून अधिक माणसे होती. त्यांच्या घराशेजारच्या खिळ्यांच्या कारखान्यात दहा-बारा वर्षांची मुले राबत होती, आणि १७९६ मध्ये त्यांनी एका डच पेढीच्या कर्जासाठी माणसेच गहाण ठेवली होती. दर दोन वर्षांनी मूल देणारी स्त्री मळ्यावरच्या उत्तम पुरुषापेक्षा अधिक फायद्याची, कारण तिच्यामुळे भांडवलात भर पडते, असे त्यांनी १८२० मध्ये आपल्या जावयाला लिहिले. तत्त्वज्ञ आणि सावकारी हिशेब मांडणारा मालक या दोघांचा हात एकच होता.

त्या काळात दुसरे काही शक्यच नव्हते, असा बचाव नेहमी केला जातो. तो मला पटत नाही. व्हर्जिनियाच्या १७८२ च्या कायद्याने मालकाला स्वतःच्या गुलामांना मुक्त करण्याची मुभा होती. त्याच राज्यातल्या रॉबर्ट कार्टर यांनी १७९१ पासून चारशेहून अधिक माणसांना मुक्त करण्याची व्यवस्था लावली, आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात तशी तरतूद केली. जेफरसन यांचे तरुण शेजारी एडवर्ड कोल्स यांनी १८१४ मध्ये त्यांना या कामाचे नेतृत्व करण्याची विनंती केली, तेव्हा आपण आता म्हातारे झालो, हे काम तरुणांचे आहे, असे उत्तर आले. पाच वर्षांनी कोल्स आपल्या गुलामांना घेऊन इलिनॉयकडे निघाले आणि ओहायो नदीवर, वाहत्या होडीतच, त्यांनी त्यांना मुक्त केले. पुढे त्याच राज्याचे गव्हर्नर म्हणून त्यांनी तिथे गुलामगिरी येऊ न देण्याची लढाई १८२४ मध्ये जिंकली. पोलिश सेनानी कोश्चुश्को यांनी तर आपली अमेरिकेतली संपत्ती गुलामांच्या मुक्ततेसाठी ठेवून जेफरसन यांनाच व्यवस्थापक नेमले होते. तीही जबाबदारी जेफरसन यांनी नाकारली.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, ते वारले. डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. मृत्युपत्रात पाच जणांना स्वातंत्र्य मिळाले, तेही सारे हेमिंग्ज कुटुंबातले. त्यांपैकी लोहार जोसेफ फॉसेट स्वतंत्र झाला, पण त्याची पत्नी ईडिथ आणि मुले जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोच्या अंगणातल्या लिलावात उभी राहिली. त्या लिलावासाठी १३० माणसांची जाहिरात झाली होती. अकरा वर्षांचा पीटर फॉसेट तिथेच विकला गेला. सुटायला त्याला दोन दशकांहून अधिक काळ लागला. पुढे तो सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि १९०० मध्ये, म्हातारपणी, त्या घरी पाहुणा म्हणून गेला.

हाच हिशेब राष्ट्राच्या पातळीवरही दिसतो. फ्रान्सकडून १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेतल्याने देशाचा विस्तार जवळजवळ दुप्पट झाला. अशा खरेदीचा अधिकार राज्यघटना देत नाही, असे जेफरसन यांना स्वतःला वाटत होते. त्यांनी घटनादुरुस्तीचा मसुदाही केला आणि मग तो बाजूला ठेवला. त्या जमिनीवर राहणाऱ्या मूळ रहिवाशांना या व्यवहारात कोणी विचारले नाही. स्वतःच्या जमिनीवर कष्टणारा, कोणापुढे न वाकणारा शेतकरी हा जेफरसन यांचा आदर्श होता आणि अमेरिकी माणूस आजही स्वतःला तसाच पाहतो. मात्र त्या शेतकऱ्याची नवी जमीन एका समूहाकडून हिसकावली जात होती, आणि दक्षिणेत तिच्यावरचे कष्ट दुसऱ्या समूहावर लादले जात होते. केंद्रसत्तेविषयीचा खोल संशय हाही त्यांचाच वारसा आहे. त्यांनी १७९८ मध्ये केंटकी राज्यासाठी लिहिलेल्या ठरावांतला राज्यांच्या अधिकारांचा युक्तिवाद मूळ नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी होता. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी तोच गुलामगिरीच्या संरक्षणासाठी वापरला.

तरीही जाहीरनाम्यातले समानतेचे ते वाक्य त्याच्या लेखकापेक्षा मोठे निघाले. सेनेका फॉल्सच्या परिषदेत स्त्रियांनी १८४८ मध्ये त्यात ‘स्त्रिया’ हा शब्द घालून आपला जाहीरनामा केला. स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ मध्ये त्याच आधारावर गोऱ्या श्रोत्यांना विचारले, की तुमचा ४ जुलै गुलामाला काय सांगतो? उलट बाजूला, दक्षिणेच्या बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी १८६१ मध्ये उघड सांगितले, की जेफरसन यांच्या पिढीची समानतेची कल्पनाच चुकीची होती. त्या वर्षी सुरू झालेल्या यादवी युद्धात गुलामगिरी संपली. त्याचे पडसाद पुण्यापर्यंत आले, आणि जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ युनायटेड स्टेट्समधल्या लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निष्ठेबद्दल, अर्पण केला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये या वाक्याला प्रॉमिसरी नोट, म्हणजे वचनचिठ्ठी म्हटले आणि कृष्णवर्णीयांच्या बाबतीत देशाने ती वटवलेली नाही, असे सांगितले. कर्जाची ही उपमा किंग यांना कुठून सुचली असेल ते असो. जेफरसन यांच्या बाबतीत ती उपमाही राहत नाही, ती शब्दशः खरी आहे.

न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेच्या सभागृहात जेफरसन यांचा एक पुतळा शंभराहून अधिक वर्षे उभा होता. नौदल अधिकारी युराया लीव्ही यांनी १८३४ मध्ये तो शहराला दिला होता. लीव्ही ज्यू होते, नौदलात त्यांनी धर्मामुळे हेटाळणी सोसली होती, आणि धर्मस्वातंत्र्याला कायद्याचे बळ देणाऱ्या माणसाविषयीच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी ती भेट दिली होती. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या सदस्यांच्या मागणीवरून, गुलामगिरीचे कारण देऊन, नोव्हेंबर २०२१ मध्ये तोच पुतळा तिथून काढून इतिहास संग्रहालयात नेण्यात आला.