राखाडी पंखांचा पतंग आणि फड्या निवडुंग

कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम हा पतंग अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलचा. पुढचे पंख राखाडी-तपकिरी, त्यांवर गडद आडव्या रेषा आणि बारीक ठिपके, मागचे पांढुरके. पंख पूर्ण पसरले तरी 22 ते 40 मिलिमीटर. कार्लोस बर्ग यांनी 1885 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, पण पुढे बरीच वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

त्याचं नाव झालं ऑस्ट्रेलियात. कुंपणाला लावलेला फड्या निवडुंग तिथे मोकाट पसरला आणि 1920 च्या दशकात त्याने सुमारे 2.4 कोटी हेक्टर जमीन व्यापली. तोडून, जाळून, विष फवारून तो हटेना. माणसं शेतं टाकून निघून गेली. या पतंगाच्या अळ्या निवडुंग खातात, म्हणून 1914 मध्ये तो आणून पाहिला होता, पण तो तगला नाही. मग 1925 मध्ये कीटकशास्त्रज्ञ अ‍ॅलन डॉड यांनी अर्जेंटिनातून सुमारे 3000 अंडी पाठवली, आणि या वेळी पैदास जमली.

या पतंगाची खरी करामत पंखांत नाहीच. मादी अंडं अंड्यावर रचत जाते. साधारण 70-80 अंड्यांची ती किंचित वाकडी कांडी हुबेहूब निवडुंगाचा काटा वाटते. अळ्या बाहेर पडल्या की सगळ्या मिळून एकाच भोकातून आत शिरतात आणि गर खाऊन फड पोकळ करतात. वाढलेली अळी नारिंगी, अंगावर काळे पट्टे. पतंग झाल्यावर मात्र तो काहीच खात नाही.

काही वर्षांतच निवडुंगाची रानं कोसळली. क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा गावाने 1936 मध्ये या पतंगाच्या नावाने सभागृह बांधलं. कीटकाविषयी एवढी कृतज्ञता मला तरी दुसरीकडे दिसलेली नाही. (भारतात फड्या निवडुंग आटोक्यात आणायचं काम कोचिनील या निवडुंगाचा रस शोषणाऱ्या किड्यांनी केलं.)

हे यश पाहून 1957 मध्ये तो कॅरिबियन बेटांवर सोडला गेला आणि 1989 मध्ये फ्लोरिडात सापडला. तिथे निवडुंग तण नव्हे, मूळची वनस्पती. मेक्सिकोत तर तो रोजच्या जेवणातली भाजी आणि राष्ट्रध्वजावरचं झाड. 2006 मध्ये मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर हा पतंग आढळला, तेव्हा तो वेळीच निपटून काढावा लागला.

अमेरिकेत पंखांवरून त्याची खात्री पटत नाही, कारण तिथले मूळचे मेलिटारा पतंगही तसेच राखाडी, रेषांचे. म्हणून शोधणारे आधी काटे पाहतात: एखादा जरा जास्तच वाकडा आहे का, आणि जवळून पाहिलं तर मण्यांच्या माळेसारखा दिसतो का.