लेझर, एलईडी वॉल आणि मिरवणूक : मराठवाड्यातल्या व्हिज्युअल्सची पार्श्वभूमी

इलेक्ट्रॉनिक संगीताला दृश्याची जोड देण्याची कल्पना जुनी आहे. १९५८च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात एडगार व्हारेझ यांचे ध्वनिफितीवरचे संगीत शेकडो स्पीकरांतून घुमत होते आणि भिंतींवर ल कॉर्बुझिए यांनी निवडलेली चित्रे सरकत होती. मराठवाड्यात मात्र ही कला प्रदर्शनातून किंवा क्लबमधून आलेली नाही. ती वरात, ऑर्केस्ट्रा आणि मिरवणुकीच्या वाटेने आली.

आधी रंगीत बल्ब होते. बेसचा ठोका मायक्रोफोनने पकडायचा आणि त्यावर दिवे उघडझाप करायचे. मग पार नावाचे डब्यासारखे दिवे आले, शार्पी हा फिरणारा, अरुंद झोताचा दिवा आला, एका वायरीतून ५१२ चॅनेल चालवणारी डीएमएक्स ही दिवे नियंत्रित करण्याची पद्धत आली. एलईडी वॉल भाड्याने मिळू लागली तेव्हा काम खऱ्या अर्थाने बदलले, कारण आता तालावर चित्रही चालवता येऊ लागले. भीमजयंतीला भीमगीतांच्या रिमिक्सवर चवदार तळे, संविधान, विद्यापीठाची कमान असे एकामागून एक येते. ज्या छत्रपती संभाजीनगरने (तेव्हाच्या औरंगाबादने) १४ जानेवारी १९९४चा मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार पाहिला, तिथे ती कमान पडद्यावर येताच गर्दीतून उठणारा आवाज बेसलाही झाकून टाकतो. हे काम करणारी पोरे बहुतेक मांडववाल्यांच्या हाताखालीच शिकलेली आहेत. त्यांना कलावंत म्हणायला आपण फार उशीर केला.

कसब कुठे लागते, तर हलगी सुरू झाली की. रिमिक्स १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांना, बांधलेला असतो आणि लॅपटॉपवरच्या क्लिप आपोआप त्यावर चालतात. हलगीवाला रंगात आला की लय चढते. मग ऑपरेटर कान हलगीकडे लावून बोटाने ठोके टॅप करत राहतो आणि चित्र पुन्हा तालावर आणतो. त्यात आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे मागे उभ्या असलेल्यांना चित्र आधी दिसते, ठोका नंतर पोचतो. गर्दी कुठे दाट आहे ते पाहून चित्र किती मागे ठेवायचे, हे त्यालाच ठरवावे लागते.

सगळ्यात जास्त वाद झाला तो लेझरबंदीवरून. २०२३च्या गणेशोत्सवानंतर नाशिकमध्ये तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले आणि त्यानंतर ठिकठिकाणी बंदीचे आदेश निघाले. मुळात ही बंदी रास्तच होती. शोचा लेझर आरशावरून सेकंदाला हजारो बिंदू फिरवतो, म्हणून आपल्याला आकृती दिसते. आरसा अडकला की सगळी शक्ती एका बिंदूवर एकवटते. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो. प्रेक्षक उभे असतात तिथून किमान तीन मीटर उंचावरूनच झोत जावा, असा संकेत आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, खड्ड्याखड्ड्यांतून, माणसांच्या चेहऱ्यांच्या उंचीवर तो पाळला जाणे शक्यच नव्हते. लहान लेकरे खांद्यावर बसलेली असतात, त्यांचे डोळे तर थेट झोतातच येतात.

अडचण आहे ती शब्दरचनेत. अशा आदेशांत लेझरबरोबर बीम लाइट आणि प्लाझ्मा लाइटही येतात आणि ‘प्रखर’ म्हणजे किती, हे आकड्यात नसते. बंदोबस्तावरच्या पोलिसाला रस्त्यात वॅट मोजायला सवड नसते. त्यात वॉल आणि साउंड एकाच गाडीवर, एकाच जनरेटरवर असतात. आवाजासाठी गाडी थांबवली की चित्रही विझते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, ती योग्यच आहे. पण एलईडी वॉलचा प्रकाश पसरट असतो, त्यात लेझरसारखा एकवटलेला झोत नसतो. तिला लेझरच्या रांगेत बसवायला कारण नाही.

आता काही ऑपरेटर वॉलसाठी वेगळा छोटा जनरेटर आणि वेगळी गाडी ठेवतात. भाडे वाढते, मंडळे घासाघीस करतात. लेझरची पेटी आदेशात वॅट आणि उंची लिहिली जाईपर्यंत गोदामातच राहावी, आणि वॉलच्या गाडीला आवाजापासून वेगळी परवानगी मिळावी, अशी या ऑपरेटरांची मागणी आहे.