धोंडा निखळतो, उतार सरकतो. आपण दोन्हींना ‘दरड’च म्हणतो

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगाव भागात अतिवृष्टी झाली आणि कन्नड घाटात जागोजागी दरडी कोसळून रस्ता बंद पडला. बातमीला ‘दरड’ एवढा शब्द पुरतो. घाट दुरुस्त करणाऱ्याला पुरत नाही.

खानदेशाच्या दक्षिणेचा सातमाळा-अजिंठा आणि उत्तरेचा सातपुडा, दोन्हीकडे बहुतेक बेसाल्ट. लाव्ह्याच्या थरावर थर. कठीण काळा पाषाण, त्याखाली लवकर झिजणारा सच्छिद्र खडक, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा. मऊ थर आत खात जातो आणि वरचा काळा कडा छज्जासारखा पुढे राहतो. लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा त्यात असतातच. त्यांत पिंपळ-उंबराची मुळं शिरतात, पाणी भरतं आणि एक दिवस धोंडा सुटतो. हे निखळणं. पूर्वसूचना फार तर बारीक खडे गळण्याची. एक घनमीटर बेसाल्टचं वजन पावणेतीन टनांच्या पुढे; ३० मीटरवरून सुटला तर अडीच सेकंदांत खाली, वेग ताशी ८५ किलोमीटरवर. पाऊस थांबल्यावरही पडतो.

सरकणं वेगळं. इथे मुरूम-मातीचा अख्खा थर, कधी खडकाची लादीच, खालच्या तिरप्या पृष्ठावरून उतरते. पाण्याने निसरडं झालं म्हणून, असं सर्रास सांगतात. खरा घात दाबाचा. माथ्याच्या भेगेत ५ मीटर पाणी उभं राहिलं, तर भेगेच्या दर मीटर लांबीमागे साडेबारा टनांचा रेटा बसतो. १० मीटर असेल तर पन्नास. शिवाय तळाशी शिरलेलं पाणी वरचं वजन थोडं उचलून धरतं, त्यामुळे घर्षण घटतं.

ही चाल बहुधा आधी दिसते: माथ्यावर चंद्रकोरीसारखी भेग, कललेले खांब, पायथ्याला फुगवटा, झऱ्याला अचानक गढूळ पाणी. भेगेच्या दोन्ही काठांवर लोखंडी खुंट्या ठोकून अंतर रोज ठरल्या वेळी मोजावं. अंतर वाढतंय एवढंही तालुक्याला कळवण्याजोगं. पण आजची वाढ कालच्या वाढीपेक्षा जास्त निघाली, तर वस्ती लगेच रिकामी करायची. निघताना उताराला आडवं जायचं, खाली पळायचं नाही.

उपायांत मात्र गल्लत होते. निखळत्या कड्याला सैल धोंडे पहारीने वरून खाली काढत येणं, जाळी, रॉक बोल्ट (खडकात खोल रोवलेले पोलादी गज) आणि रस्त्याकडेला रुंद चर लागतो. सरकत्या उताराला तीच जाळी मारली, तर उतार जाळीसकट उतरतो. तिथे आधी पाणी काढायचं: माथ्यावर चर, भेग चिकणमातीने बुजवणं, डोंगराच्या पोटात बाहेरच्या अंगाला उतरत्या सच्छिद्र नळ्या. मग पायथ्याला वजन म्हणून गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या पेट्या. रस्ता रुंद करताना नेमका पायथाच कापला जातो, म्हणजे उताराचा टेकू आपणच काढतो. संरक्षक भिंतीची पाणी जायची भोकं मातीने बुजली, की मागे पाणी तुंबून भिंतच ढकलली जाते. जूनआधी गज घालून ती मोकळी करणं हे सगळ्यात स्वस्त काम, आणि तेच राहून जातं.

एकाच वळणावर दोन्हीही घडतं. कड्यावरून निखळलेले धोंडे वर्षानुवर्षं पायथ्याशी साचतात आणि एका पावसाळ्यात तो ढीगच सरकतो. म्हणून जेसीबी लावण्याआधी राडा पाहून घ्यावा: कोरे, धारदार धोंडे असतील तर वर कड्याकडे नजर, मातीत लडबडलेले जुने दगड आणि उभी आलेली झाडं असतील तर माथ्यावरची भेग शोधायला माणूस पाठवावा, तोही उताराच्या कडेने, सरकत्या भागावरून नाही.