मोअर व लेस

युनिक्स व तत्सम संगणक-प्रणालींत आज्ञा-ओळीवरून मजकुराची फाईल पडदा-पडदा करत वाचण्याचे प्रोग्रॅम. अशा प्रोग्रॅमना ‘पेजर’ म्हणतात. दूरसंदेश-पेजरशी त्यांचा संबंध नाही.

पेजरांआधी फाईल पाहण्याचे काम ‘कॅट’ हा प्रोग्रॅम करत असे. युनिक्सच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत तो आहे. नावाचे मूळ लॅटिन ‘कातेना’ (साखळी) या शब्दाकडे जाते. ते ‘कॉन्कॅटिनेट’चे संक्षिप्त रूप, असे बहुधा सांगतात, काहींच्या मते ते ‘कॅटिनेट’चे. अर्थ एकच, जोडणे. अनेक फाइली जोडून बाहेर पाठवणे हे कॅटचे मूळ काम. ‘बाहेर’ म्हणजे वापरणाऱ्यासमोरचे यंत्र असल्याने ते वाचण्याचेही साधन झाले. टेलिटाइपवर मजकूर कागदावर छापून येई, म्हणून मागे वळून वाचण्याची अडचण नव्हती. ती चोवीस ओळींच्या पडद्यांनी आणली.

मोअर डॅनिएल हॅल्बर्ट यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९७८ मध्ये लिहिला. पडदा भरला की तळाशी येणारी ‘--मोअर--’ ही सूचना मात्र नवी नव्हती; एमआयटीतील आयटीएस प्रणालीत तिचा वापर आधीपासून होता. त्यामुळे मोअरचे श्रेय बर्कलीला आणि कल्पनेचे आयटीएसला देणे अधिक रास्त. एरिक शिनब्रूड, जेफ पेक व जॉन फोडेरारो यांनी पुढे त्यात भर घातली. युनिक्सच्या सिस्टिम-५ शाखेत ‘पीजी’ हा वेगळा पेजर होता.

मजकुरात मागेही जाता यावे म्हणून मार्क न्यूडेलमन यांनी लेस लिहिला. त्याचा काळ साधारण १९८३ ते १९८५ असा धरतात. ‘उलटा मोअर’ या थट्टेतून हे नाव आले. सुरुवातीलाच संपूर्ण फाईल वाचण्याची गरज नसल्याने मोठ्या फाइलीही तो झटकन उघडतो. युनिक्ससदृश प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकात मात्र मोअरच आहे.

कॅटने चुकून द्विमान (बायनरी) फाईल उघडल्यास ०ई (सोळा-आधारी लेखनात) हा बाइट काही टर्मिनलांची (पडदा-कळफलक यंत्रांची) वर्णमाला बदलतो आणि पुढील अक्षरे रेघा-चौकटींसारखी दिसू लागतात. न वाचता येणाऱ्या अक्षरांतच ‘रीसेट’ टाइप करून ते सावरावे लागते. लेस असे बाइट थेट न पाठवता चिन्हरूपात दाखवतो. मराठी फाइलींबाबत हीच सावधगिरी आड येते. यूटीएफ-८ या अक्षर-सांकेतन पद्धतीत ‘क’ला तीन बाइट लागतात: ई०, ए४ व ९५. भाषा-मांडणी (लोकेल) ‘सी’, म्हणजे फक्त मूळ इंग्रजी अक्षरांची, असेल, तर ‘क’ऐवजी कोनी कंसांत हे तीन आकडे रोमन लिपीत दिसतात. फाईल बिघडली, असा समज त्यातून होतो. तीच फाईल कॅटने पाहिली की मजकूर नीट दिसतो, कारण कॅट बाइटांचा अर्थ न लावता ते तसेच टर्मिनलकडे पाठवतो.

डॉस या जुन्या संगणक-प्रणालीत ‘टाइप’ ही आज्ञा फाईल दाखवते, आवृत्ती २.० (१९८३) पासून तेथेही ‘मोअर’ आहे.