शस्त्रक्रियेआधी बाळाशी बोलून उपयोग नाही?

टाळू (तोंडाचा आतला वरचा भाग) दुभंगलेल्या बाळाची भाषा शस्त्रक्रियेनंतरच सुरू होते, तोवर त्याच्याशी बोलणे व्यर्थ, हा समज चुकीचा आहे. टाळूची शस्त्रक्रिया साधारणतः ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान होते, आणि तोपर्यंत बाळ स्वतःचे नाव व रोजच्या कानावरचे शब्द ओळखू लागलेले असते. अडते ते उच्चारापाशी. ‘प’, ‘ब’, ‘त’, ‘द’ यांसाठी तोंडात हवेचा दाब साठावा लागतो. टाळू उघडी असल्यास ती हवा नाकावाटे निसटते, म्हणून ‘बाबा’ म्हणू पाहणाऱ्या बाळाच्या तोंडून ‘मामा’सारखे काहीतरी निघते. (मामा खूश होत असतील, तो भाग वेगळा.) अशा वेळी उच्चार दुरुस्त करत न बसता त्याच्या आवाजाला प्रतिसाद द्यावा, कारण शब्दसंग्रह त्या देवाणघेवाणीतूनच वाढतो. केवळ ओठ दुभंगलेला असेल, तर बोलण्यावर सहसा फारसा परिणाम होत नाही.

खरे दुर्लक्ष होते ते कानांकडे. टाळूचे स्नायू घसा आणि मध्यकर्ण (पडद्यामागचा कानाचा भाग) यांना जोडणारी नळी नीट उघडू शकत नसल्याने या बाळांच्या मध्यकर्णात वारंवार द्रव साचतो, ऐकू कमी येते, आणि जन्मावेळची श्रवणचाचणी ठीक आली असली तरी ती पुढेही ठरावीक काळाने करावी लागते.