घाण्याचं तेल नेताय? मग आधी व्यायामाचं वाचा

नमस्कार मंडळी. तिळाचं तेल आणि उटणं न्यायला येणारे बरेच जण काउंटरवरच विचारतात की हे रोज चोळलं तर पोट कमी होईल का, तर धंदा तेलाचा असूनही स्पष्ट सांगतो, नुसत्या तेलाने नाही होणार. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सूत्रस्थान नावाच्या भागाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे, त्यात अंग हलकं होणं, कामाचा उरक, चांगली भूक, मेद झडणं आणि शरीर घट्ट, रेखीव होणं हे सगळं व्यायामाच्या खात्यावर टाकलंय. तेलाकडे थकवा आणि वात घालवायचं काम. उटण्याने मेद विरघळतो असंही पुढे लिहिलंय, पण ते व्यायामानंतर.

आता किती करायचा, कारण गडबड इथेच होते. ग्रंथ म्हणतो अर्ध्या शक्तीने, आणि तेही ज्यांच्या अंगात ताकद आहे, जे तूप-तेल नीट खातात त्यांनी, थंडीत आणि वसंतात. बाकी दिवसांत त्याहून कमीच. अर्धी शक्ती ओळखायची कशी तर सुश्रुत या आयुर्वेदाच्याच दुसऱ्या जुन्या आचार्याने खूण दिलीय, श्वास तोंडाने घ्यावासा वाटायला लागला की झाली अर्धी, सोबत कपाळ, नाक, सांध्यांवर घाम येतो, तोंड सुकतं. तिथे थांबायचं. वर्षभर नाशिकच्या सातपूर-अंबडला खुर्चीत बसून काम करायचं आणि एक जानेवारीला एका दमात पांडवलेणी चढायची, यात कुठली अर्धी शक्ती आली? अति केलं तर तहान, दम, खोकला, ताप, उलटी असं सगळं सांगितलंय, आणि हत्तीला ओढत नेणारा सिंह जसा स्वतःच मरतो तसं होतं असंही लिहून ठेवलंय, जिमच्या नव्या पोरांनी हे जरा वाचावं.

वात-पित्ताचा आजार असलेले, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि अजीर्ण झालेले यांनी व्यायाम टाळावा असंही आहे. म्हणजे पोरांनी खेळू नये असं नाही हो, आणि आजी-आजोबांनी संध्याकाळी गोदाघाटावर खुशाल फिरावं, जोर-बैठका नकोत एवढंच. अजीर्णाचं मात्र मनावर घ्या, रविवारी तर्री मागून मागून मिसळ हाणली आणि सोमवारी पोट जड असेल तर त्या दिवशी सुट्टी. बीपी, हार्ट, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टर किंवा वैद्यांना विचारा, आम्ही फक्त तेल काढतो.

तेल आधी की नंतर हा रोजचा प्रश्न. ग्रंथात आधी अभ्यंग म्हणजे अंगाला तेल चोळणं, मग व्यायाम, मग सोसेल तसं अंग चोळणं, उटणं आणि आंघोळ असा क्रम येतो. घरी सूर्यनमस्कार घालत असाल तर आधी थोडं लावा, पण तळहात-तळपाय पुसून घ्या नाहीतर फरशीवर सरळ आडवे व्हाल, आणि बाहेर फिरायला जात असाल तर घरी आल्यावर घाम वाळू द्या मग लावा. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचं, डोकं, कान आणि तळपाय विसरायचे नाहीत. आंघोळीचं गरम पाणी मानेखाली, डोक्यावर नको, केस आणि डोळ्यांना ते चांगलं नाही म्हणतात. कफ झालेला असेल किंवा अपचन असेल तर तेल लावू नका.

एरंडेल मागणाऱ्यांसाठी, ते मल्लखांबाला लावतात, अंगाला रोजचं तिळाचंच न्या. मल्लखांबावरून आठवलं, तो खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या बाळंभटदादा देवधरांना ती विद्या आपल्या वणीच्या सप्तशृंगीच्या कृपेने मिळाली असं सांगतात, म्हणजे व्यायामात आपला जिल्हा मागे नाही.

बाटलीच्या तळाला गाळ दिसला तर घाबरू नका, घाण्याच्या तेलाला तो बसतोच, न हलवता वरचं ओतून घ्या. रिकामी बाटली धुऊन, पूर्ण कोरडी करून आणली तर त्यातच भरून देतो. ओली आणू नका, तेल खवट होतं.