मेन शाफ्टचा प्ले: किती काढायचा, किती सोडायचा

रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर जोडून झालं की पाती लावण्याआधी एक तपासणी करावी. फ्रेम एका हातात घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने रोटर हेड वर-खाली ओढून पाहायचं. हाताला बारीक ‘टक्’ जाणवला, तर मेन शाफ्टला, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्याला, प्ले (वर-खाली सरकण्याइतकी मोकळीक) आहे. एवढ्याशा हालचालीने काय बिघडतं, असं वाटेल. पण बिघडतं, आणि ते नेमकं पात्यांच्या कोनात.

पात्यांचा कोन, म्हणजे पिच, स्वॉशप्लेट ठरवते; शाफ्टवर वर-खाली सरकणारी आणि कलणारी ही चकती. ही स्वॉशप्लेट सर्व्होच्या (रिमोटच्या हुकुमाने हलणाऱ्या छोट्या मोटरच्या) लिंकांनी फ्रेमशी जोडलेली असते, पाती मात्र शाफ्टच्या टोकाला असतात. त्यामुळे शाफ्ट फ्रेममध्ये सरकला, की सर्व्हो जागचे न हलताही पिच बदलतो. पातं धरणाऱ्या ग्रिपचा आर्म 20 मिमी धरला, तर अर्ध्या मिमी प्लेने कोनात सुमारे 1.4 अंशांचा फरक पडतो. हॉवरला (हवेत एका जागी तरंगायला) लागणारा पिचच मुळात 5-6 अंशांचा. 450 आकाराच्या मॉडेलचा (सुमारे 70 सेंमी व्यासाचा) रोटर मिनिटाला 2800 फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर धावत असतं. त्या वेगाला दीड अंश म्हणजे फार मोठी गोष्ट.

हॉवरमध्ये हा दोष दिसतच नाही. लिफ्टमुळे शाफ्ट सतत वर ओढलेला राहतो आणि प्ले एका बाजूला दबून जातो. निगेटिव्ह (खाली ढकलणारा) पिच देऊन झपकन खाली आणताना किंवा मॉडेल उलटं उडवताना जोर फिरतो, शाफ्ट खाली बसतो आणि तुम्ही दिलेल्या पिचमधला काही भाग वाया जातो. चुकीला जागा नसते, नेमकं तेव्हाच हे घडतं.

उपाय सोपा आहे. बहुतेक मॉडेलमध्ये खाली मेन गिअरचा हब आणि वर ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) शाफ्टवर आवळलेली कॉलर, म्हणजे कडं, यांच्यामध्ये दोन्ही बेरिंग धरलेली असतात. शाफ्ट वर ओढायचा, कॉलर बेरिंगला टेकेपर्यंत खाली सरकवायची आणि ग्रब स्क्रू आवळायचा. हब बेरिंगपर्यंत पोचत नसेल तर मध्ये 0.1 मिमीचे शिम (पातळ वॉशर) घालायचे. शिम बेरिंगच्या फक्त आतल्या रिंगला टेकला पाहिजे. बाहेरच्या रिंगला लागला तर तो घासत राहतो.

खरा प्रश्न कॉलर किती दाबायची हा आहे. ट्रॅक्टरच्या हबमध्ये टेपर रोलर बेरिंग असतं, ते नट आवळून, मग थोडा मागे फिरवून सेट करतात. तो हिशेब इथे चालत नाही. इथली बेरिंगं साध्या बॉलची, मुख्यतः आडवा भार घेणारी. कॉलर जोराने दाबली, की वरचं बेरिंग खाली आणि खालचं वर ढकललं जातं, बॉल रिंगच्या कडेला चढतात, बेरिंग गरम होतं आणि काही दिवसांत खरखरायला लागतं. म्हणून बोटाला टक् लागू नये आणि पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) सोडवून फिरवल्यावर शाफ्ट आधीइतकाच मोकळा फिरावा, एवढंच साधायचं. दोन-तीन शतांश मिमीचा प्ले तर बेरिंगच्या आतलाच असतो. तो काढायच्या मागे लागू नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, कुणाही टर्नरकडे बारीक हालचाल मोजणारं डायल गेज असतं. हेडवर त्याची सुई टेकवली, की अंदाजाला आकडा मिळतो.

फ्रेम कशाची आहे, हेही पाहायला हवं. कार्बन फायबर उष्णतेने जवळपास वाढतच नाही. साधं नायलॉन मात्र स्टीलच्या सहा-सात पट वाढतं. दोन बेरिंगांत 60 मिमी अंतर असलेली नायलॉनची फ्रेम 20 अंशांनी तापली, तर ती शाफ्टपेक्षा सुमारे 0.08 मिमी जास्त लांबते. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे शून्य प्लेवर बसवलेली कॉलर एप्रिलच्या दुपारी बेरिंग दाबते, ती यामुळे. प्लास्टिक फ्रेमला म्हणूनच केसभर प्ले मी मुद्दाम सोडायला सांगेन.

ग्रब स्क्रूला मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) हवंच. आधी तेल-ग्रीस पुसून घ्यावं, लावावं थेंबभरच, आणि ते बेरिंगमध्ये उतरू देऊ नये. पुढे कधी शाफ्ट काढाल तेव्हा स्क्रूने उठवलेला बर (धातूची वर आलेली धार) ऑइलस्टोनने आधी घासून टाका, नाहीतर तो बेरिंगची आतली रिंग ओरबाडत बाहेर येतो.

कॉलर नीट बसवूनही टक् राहिला, तर हब आणि शाफ्ट यांच्यातून आरपार जाणारा बोल्ट पाहा. त्याचं भोक अंडाकृती झालं असेल तर शाफ्ट बदलणं हाच इलाज. तिथे हार्डवेअरच्या दुकानातला पूर्ण आट्यांचा बोल्ट घालू नये. आट्यांच्या धारा भोक कुरतडतात. भोकात बसणारा भाग गुळगुळीत असलेला मूळ बोल्टच घालावा.